परदेशी निघालेला कान

पेटी बांधायच्या आधी मी सगळं सतरंजीवर मांडलं आणि मोजलं. एक यंत्र: पांढरं, गोल, पेढ्याएवढं, वजन अकरा ग्रॅम. ते ठेवायला चिमटून बंद होणारी एक प्लास्टिकची पिशवी. फोमचे दोन तुकडे, त्यातल्या एकात यंत्राच्या मापाचा खळगा मी ब्लेडनं कोरला होता. कडक पुठ्ठ्याची एक पेटी. लाल तिरक्या रेघांच्या चौकटीचं एक लेबल, त्यावर जळणाऱ्या बॅटरीचं चित्र. कंपनीचं एक पत्र. एकूण सात वस्तू. आठवी दिसत नव्हती. ती यंत्राच्या आत सीलबंद होती: नखाएवढी लिथियम बॅटरी. ती वेगळी काढता येत नव्हती आणि सगळी अडचण तिचीच होती.

घरात या यंत्राला यंत्र कुणी म्हणत नसे. सगळे कान म्हणत. "कान चार्जिंगला लाव." "आंघोळीच्या आधी कान काढ गं तिचा." पाहुणे दचकायचे, आम्हाला सवय झाली होती.

कान मायीचा. मायी ही माझ्या भावाची, महांतेशअण्णाची मुलगी. पूर्ण नाव मायाक्का, आमच्या देवीवरून ठेवलेलं. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. अडीच वर्षांची असताना हैदराबादला एका परदेशी संस्थेच्या शिबिरात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. कानामागे कातडीखाली एक चकती बसवली आणि चकतीची तार कानाच्या आतल्या शंखात सोडली. पण ती चकती एकटी निरुपयोगी असते. आवाज पकडायचं काम बाहेरच्या यंत्राचं. ते चुंबकानं केसांवर चिकटून बसतं, आवाजाचे संकेत बनवतं आणि कातडीच्या आरपार चकतीला पाठवतं. ते काढलं की मायीला ढगांचा गडगडाटसुद्धा ऐकू येत नाही.

यंत्र बसल्यापासून दोन वर्षांत तिच्याकडे एकशे बारा शब्द जमले होते. मी मोजले होते. मोजल्याशिवाय मला राहवत नाही. त्यात मराठी होते, 'अक्का'सारखे कन्नड होते, आणि 'नक्को' तर ती एखाद्या हैदराबादी दुकानदारासारखं ठसक्यात म्हणायची. पहिला शब्द मात्र 'आई' नव्हता. पहिला शब्द होता 'हर्र्या'.

आमचं घर मूळचं धनगराचं. आजोबांपर्यंत मेंढ्यांमागे फिरणं होतं. आता बसवकल्याणहून उमरग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर थोडी तूर आणि सोयाबीन पिकवतो, दारात चार शेळ्या आहेत. संध्याकाळी माझी आई, बाणूबाई, ओट्यावर उभी राहून "हर्र्या, हर्र्या" अशी हाक देते आणि बांधावरच्या शेळ्या घराकडे वळतात. एके दिवशी आईच्या आधी मायीनं ती हाक दिली. शेळ्यांनी माना वर केल्या आणि चालू लागल्या. आई भाकरी तव्यावर तशीच ठेवून बाहेर आली.

"आगं देवा," ती म्हणाली, "जित्राबाला कळलं की हिचं!"

भाकरी करपली. ती आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ली.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास कान बिघडला. आधी आवाज तुटू लागला. मायी बोलता बोलता थांबायची आणि डोक्यावर टपली मारायची. मग एके दिवशी तो पूर्ण बंद पडला. चार्जिंग होत होतं, दिवे लागत होते, आत काहीच पोचत नव्हतं.

कलबुर्गीला मायीला बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी यंत्र तपासलं आणि अण्णाला समोर बसवून सांगितलं, "हिला स्वतःचाच आवाज ऐकू येणार नाही. मग शब्द झिजायला लागतील. आधी शेवटचं अक्षर जाईल, मग मधलं. मोठ्या माणसाचे शब्द पक्के असतात, हिचे अजून ओले आहेत. जेवढं लवकर करता येईल तेवढं करा."

शिबिर भरवणारी संस्था परत आली नव्हती. यंत्राच्या कंपनीचं इथलं कार्यालय बंद झालं होतं. मी परदेशातल्या मुख्य कार्यालयाला लिहिलं. उत्तर सरळ होतं: यंत्र आमच्याकडे पाठवा, दुरुस्त करून परत देऊ. दुसऱ्या कुठल्या कंपनीचं यंत्र चालेल का, असंही मी विचारलं होतं. चालणार नव्हतं. आतली चकती फक्त आपल्याच कंपनीच्या यंत्राचे संकेत ओळखते.

टपालाच्या खिडकीवर पहिला नकार मिळाला. आतल्या बाईंनी पेटीवरचं चित्र पाहिलं आणि पेटी हळूच परत सरकवली. बॅटरी असेल तर परदेशी पार्सल आम्ही घेत नाही, असं त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "खेळणं असो नाही तर कान असो."

मला त्यांचा राग आला नाही. मी कडगंचीच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले आहे. लिथियमची बॅटरी आतून बिघडली की स्वतःच तापत जाते. त्या उष्णतेनं आतली क्रिया वाढते, क्रियेनं उष्णता वाढते, आणि हे चक्र एकदा सुरू झालं की थांबवणं अवघड. जमिनीवर आपण पळून जाऊ शकतो. विमानात, सामानाच्या कप्प्यात ते झालं तर पळायला जागा नसते. म्हणून नियम कडक आहेत. सुटी बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवता येत नाही. यंत्रात बसवलेली लहान बॅटरी काही कुरिअरवाले घेतात, पण पॅकिंग घट्ट हवं आणि लेबल ठळक हवं. आणि फुगलेली, फुटलेली, गळणारी बॅटरी कुठल्याही विमानात चालत नाही, कारण काहीही असो. मी ते नियम दोनदा वाचले. त्यात मला एकही चूक सापडली नाही.

बसवकल्याणला बाबूलालचं कुरिअरचं दुकान आहे. तो फोनवर म्हणाला, आणा, बघू. चार्जरवर चार दिवे आहेत. बॅटरी कमी भरलेली असली की धोका कमी, म्हणून तो म्हणाला तसं मी चार्ज एका दिव्यापर्यंत उतरू दिला, पेटी भरली आणि सकाळच्या बसला निघाले. आई आधीच थांब्यावर उभी होती. इरकल नेसलेली, हातात पिशवी.

"तू कामून यायलीस?" मी विचारलं.

"पोरीचा कान परमुलखाला जायलाय," ती म्हणाली. "घालवायला घरचं कुनी नगं व्हय?"

बाबूलालचं दुकान अरुंद आहे. एक काउंटर, एक वजनकाटा, बसायला एक बाकडं. तो पन्नाशीचा, तोंडात पान, बोलणं अर्धं मराठी अर्धं दख्खनी.

"आत काय हाय?" त्यानं विचारलं.

"कान," माझ्या आधी आई म्हणाली.

बाबूलालनं चष्म्यावरून बघितलं. "मावशी, नाक-डोळे पन धाडायचे असले तर आताच सांगा. एका पेटीत बसवू."

"तुझी जीभ घाल की त्यात," आई म्हणाली. "लई लांब हाय, तिकडं कापून बेतात करून देतील."

तो मोठ्यानं हसला. पण पेटी उघडल्यावर नीट काम करू लागला. यंत्र उजेडात धरलं, कडेनं बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"फुगलं न्हाई. वास न्हाई. गळलं न्हाई. ठीक हाय." त्यानं यंत्र पिशवीत घालून फोमच्या खळग्यात बसवलं. "बगा मॅडम, हे लोक पुढं कुठंबी पेटी उघडून बगतेत. त्यांना शंका आली की खलास. त्यांच्याशी भांडायचं नक्को, ऐकत नाईत. म्हनून इथंच पक्कं करायचं. आता आधारची झेरॉक्स द्या दोन."

झेरॉक्सचं दुकान रस्त्यापलीकडे होतं आणि तिथे वीज गेली होती. मी थांबले. आले तेव्हा बाबूलाल दुसऱ्या गिऱ्हाइकाची साडीची पेटी तोलत होता आणि आई बाकड्यावर आमची पेटी मांडीवर घेऊन बसली होती, झाकणावर दोन्ही हात ठेवून. बाबूलालनं ती घेतली, टेप मारली, लेबल चिकटवलं. लेबल सरळ आहे की नाही ते मी बघितलं. सरळ होतं.

परत येताना बसमध्ये आई खिडकीला टेकून झोपली. घरी मायी दारातच होती. तिनं माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं, मग पिशवीत डोकावली. कान आजच जाऊन आजच येणार, असा तिचा समज झाला असावा. मी हातानं विमान करून दाखवलं. तीही हातानं विमान करत अंगणभर फिरली.

पेटी कुठे पोचली ते फोनवर दिसायचं. ती हैदराबादला गेली, तिथून पुढच्या मोठ्या केंद्रावर गेली आणि तिथेच थांबली. मी रोज बघायचे. मग एका दुपारी ई-मेल आला. पार्सल तपासणीसाठी उघडलं होतं. बॅटरीतून पदार्थ बाहेर आल्याचा संशय आहे, त्यामुळे ते विमानानं पुढे जाणार नाही. विमानानं मागेही येणार नाही. सोबत फोटो होता.

फोटोत माझाच खळगा होता, मी ब्लेडनं कोरलेला. प्लास्टिकची पिशवी बाजूला होती. यंत्राच्या सांध्यात, कडेच्या बारीक फटीत, फोमच्या छिद्राछिद्रांत पिवळी भुकटी बसली होती.

मी ती लगेच ओळखली. आमच्या घरातला कुणीही ओळखेल. तो भंडारा होता.

भंडारा म्हणजे देवाची हळद. आमच्याकडे कुणीही लांब निघालं की आई त्याच्या कपाळाला भंडारा लावते आणि वर चिमूटभर बरोबर देते, म्हणजे देव संगतीला राहतो. मोकळ्या कपाळानं या घरातून कुणी शीव ओलांडलेली नाही. मी कडगंचीला वसतिगृहात राहायला निघाले तेव्हा तिनं माझ्या बॅगेच्या कुठल्यातरी कप्प्यात चिमूट सोडली होती. पहिलं सत्र संपेपर्यंत माझ्या प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटाचा खिसा पिवळा होता आणि मुली मला हळदी नवरी म्हणायच्या. अण्णा मायीला घेऊन हैदराबादला निघाला तेव्हा तिनं दोघांनाही लावला होता, आणि ती शस्त्रक्रिया नीट झाली होती.

कान मायीचा होता. तो मायीच्या अंगाचाच भाग होता. तो एकटा, आईनं कधी न पाहिलेल्या मुलखात निघाला होता.

मी त्याच तासाला उत्तर लिहिलं. हा पदार्थ बॅटरीतला नाही, हळद आहे, असं लिहिलं. बॅटरीतला द्रव गळला तर असा कोरडा पिवळा दिसत नाही, त्याला वेगळा वास असतो, हेही लिहिलं. शेवटी एक चाचणी सुचवली: थोडी भुकटी घ्या, त्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा एक थेंब टाका, लाल झाली तर ती हळदच. खात्रीसाठी मी स्वयंपाकघरात तसं करून त्याचा फोटो जोडला. बशीत पिवळ्याचं लाल झालेलं स्पष्ट दिसत होतं.

दोन दिवसांनी उत्तर आलं. संशय आलेलं पार्सल पुन्हा हाताळायची परवानगी नसते. ते नियमाप्रमाणे नष्ट करण्यासाठी दिलेलं आहे आणि नष्ट झालेलं आहे.

मी बाबूलालला फोन केला. त्याला वाटलं मी भांडायला केलाय. "मी बगितलं होतं मॅडम, तुमच्यासमोर बगितलं," तो म्हणाला. मी म्हटलं, व्हय, तुम्ही नीट बघितलं होतं, त्यांना जे पिवळं दिसलं तो भंडारा होता. "मावशीला सांगू नक्को," मग तो म्हणाला. त्यालाही ते आठवलं असणार: मांडीवरची पेटी, झाकणावरचे हात.

अण्णा शेतातून आल्यावर मी त्याला गोठ्यामागे नेऊन फोटो दाखवला. त्यानं तो बोटांनी मोठा केला, अजून मोठा केला.

"आईनं?"

"व्हय."

"कवा?"

"मी झेरॉक्सला गेले तवा."

त्यानं फोन माझ्याकडे दिला. "तिला काई बोलू नगंस," तो म्हणाला. "वैनीला मी सांगतो."

भाग्यश्रीवहिनीनं, मायीच्या आईनं, सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "मंग आता दुसरा कुठून आनायचा?"

तेच उत्तर मी शोधत होते. कंपनीनं लिहिलं की तुमच्या चकतीला चालणारं हे यंत्र आता बनत नाही. जगात कुठेतरी कुणी नवं घेऊन जुनं परत केलं तर ते तपासून पाठवू. नाव नोंदवून घेतलं. कधी, ते सांगता येत नाही.

शब्द मॅडम म्हणाल्या तसेच झिजले. 'भाकर'ची 'भाक' झाली, मग 'भा'. 'पानी'चं 'पा' झालं. काही शब्द कधी गेले ते कळलंही नाही. एकदा मोजायला बसले तर ते नव्हते. आवाजही बदलला. तिला तो ऐकू येत नव्हता, म्हणून तो कधी फार वर जायचा, कधी घशातच राहायचा. आम्ही तिच्याशी हातांनी बोलू लागलो आणि ती आमच्याशी. ते सोपं पडायचं, आणि त्या सोपेपणाची मला भीती वाटायची.

माघात एका संध्याकाळी ती ओट्यावर उभी राहिली आणि तिनं शेळ्यांना हाक दिली. तोंड तसंच, मान तशीच, एक हात कंबरेवर, अगदी आईसारखा. पण बाहेर पडलं ते "ह्याऽ" असं काहीतरी होतं. शेळ्या चरत राहिल्या. तिनं पुन्हा हाक दिली. मग पुन्हा. आपण नेहमीसारखीच हाक देतोय, असं तिला वाटत होतं. शेळ्यांचंच काहीतरी बिनसलंय असं समजून ती रागानं खाली उतरली, एका शेळीच्या गळ्याला मिठी मारली आणि तिला घराकडे ओढू लागली.

आई दारात उभी होती. तिनं सगळं बघितलं.

"कान कवा येतंय गं मने?" तिनं मला विचारलं.

"विमानाला उशीर हाय आई."

"इमान हाय का उमरग्याची बस?"

मी हसले. तीही हसली. त्यानंतर तिनं रोज विचारायला सुरुवात केली. सकाळी देवापुढे दिवा लावला की एक चिमूट भंडारा कानाच्या नावानं वेगळी ठेवायची. कान आला की मायाक्काच्या जत्रेला मायीला घेऊन पायी जायचा तिचा नवस होता. शेजारच्या बायकांनाही तिनं सांगून ठेवलं होतं. "सोबत घ्यायला या," ती म्हणायची. "पोरगी वाटंत थकली तर पाळीपाळीनं कडेवर घेऊ."

उन्हाळ्यात एका सकाळी वहिनी सुपात तूर घेऊन पाखडत होती, मी खडे वेचत होते. आई देवापुढून उठली आणि चिमटीतला भंडारा पदराला पुसत म्हणाली, "उशीर झाला तर हू दे. मी त्याच्या संगं देव दिलाय. वाट चुकायचं न्हाई ते."

वहिनीचं सूप थांबलं. तिनं आवाज चढवला नाही. ती आईकडे बघतही नव्हती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "त्या भंडाऱ्यानंच आडवलं त्याला."

आईला आधी कळलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. "काय म्हनायली ही?"

मला बरोबर तेवढंच सांगायचं होतं, कमी नाही आणि जास्त नाही.

"भंडाऱ्यानं काई बिघडलं न्हाई आई. बॅटरी चांगली होती. त्यांनी पेटी उघडली, पिवळं दिसलं. त्यांना वाटलं बॅटरी फुटून आतलं बाहीर आलं. तसली बॅटरी विमानात पेट घेते, म्हनून ते पुढं धाडत न्हाईत."

"मंग भंडारा हाय म्हनून सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं."

"मंग?"

"तवर कान नष्ट केल्ता."

"म्हंजी?"

"मोडून टाकला."

ती खाली बसली. उन्हाची तिरीप तिच्या पायांवर होती, तरी तिनं पाय आत घेतले नाहीत.

"तुला कवा कळलं?"

"दिवाळी झाल्यावर."

"आन मी रोज इचारायले," ती म्हणाली. "आन तुमी सांगायलाव, इमानाला उशीर हाय."

वहिनी पुन्हा पाखडू लागली. सुपाचा आवाज नेहमीपेक्षा मोठा वाटत होता. आई अंगठा आणि पहिलं बोट पदराला पुसत राहिली. किती वर्षांची हळद, ती काही निघत नव्हती. मायी बाहेरून धावत आली, तिला आज्जी काहीतरी पुसतेय असं दिसलं आणि तीही आपल्या फ्रॉकनं आज्जीची बोटं पुसू लागली.

त्या दिवसापासून आईनं संध्याकाळी हाक देणं बंद केलं. अण्णा बांधावर जाऊन शेळ्या घेऊन यायचा. जत्रेचं तिनं पुन्हा नाव काढलं नाही, आणि शेजारच्या बायकांनीही विचारलं नाही. गावात अशा गोष्टी न सांगता कळतात. वहिनी आणि आई एकमेकींशी भांडल्या नाहीत. उलट वहिनी तिला दुपारची भाकरी गरम करून द्यायची, जी आधी कधी देत नव्हती. आई ती गपचूप खायची.

दुसरं यंत्र यायला आणखी एक पावसाळा गेला. कुठल्यातरी देशातल्या मुलाला नवं मिळालं होतं, त्याचं जुनं कंपनीनं तपासून, त्यात नवी बॅटरी घालून पाठवलं. तिकडून येताना काही अडलं नाही. बाबूलाल स्वतः मोटरसायकलवर पेटी घेऊन गावात आला, काउंटरवर बोलावलं नाही. चहा नको म्हणाला. आईनं त्याला "बस की रं" म्हटलं तर उभ्याउभ्याच म्हणाला, "मावशी, आता सगळं पक्कं हाय," आणि गेला.

पेटीवर तेच लेबल होतं, सरळ चिकटवलेलं. यंत्र तसंच पांढरं, फक्त कडेला एक बारीक ओरखडा. मॅडमनी कलबुर्गीला बोलावलं होतं. यंत्र मायीच्या चकतीशी जुळवून दिल्याशिवाय चालू करायचं नव्हतं.

सकाळी निघताना मायी सवयीनं आईसमोर जाऊन उभी राहिली आणि कपाळ पुढे केलं. आता तिला सहावं लागलं होतं, पूर्वीसारखी टाचा वर करायची गरज नव्हती. आईचे हात पाठीमागे होते.

"लावा की," वहिनी म्हणाली.

"नगं. माज्या हातानं नगं."

मायी कपाळ पुढे करून तशीच थांबली. अण्णा बाहेर बसची वेळ झाली म्हणून हाका मारत होता. वहिनीनं देवळीतली डबी घेतली, चिमूट काढली, मायीच्या कपाळाला लावली. मग उरलेली माझ्या कपाळाला लावली. यंत्राची पेटी माझ्या काखेत होती, तिला तिनं हात लावला नाही. आई उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

कलबुर्गीला मॅडमनी यंत्र संगणकाला जोडलं, मायीच्या केसांत चकती शोधली, चुंबक चिकटलं. मग त्यांनी हळूहळू आवाज सोडला. मायीनं दचकून यंत्र ओढून काढलं आणि वहिनीच्या पोटात तोंड खुपसलं. तिला ते दुखलं नव्हतं, मॅडम म्हणाल्या. फक्त इतक्या दिवसांनी आवाज आला होता. तीन वेळा काढलं, चौथ्यांदा राहू दिलं.

वहिनी तिच्या मागे उभी राहून म्हणाली, "मायी." मायी वळली. वहिनीनं तोंडावर पदर धरला. अण्णा भिंतीकडे बघत होता.

मॅडमनी सांगितलं, आता खरी तपासणी. मायीला बंद खोलीत छोट्या खुर्चीवर बसवलं. पहिल्या भागात वेगवेगळ्या उंचीचे सूर होते. सूर ऐकू आला की मायीनं डब्यात एक मणी टाकायचा. ती भराभर मणी टाकत होती. मग दुसरा भाग. समोर चित्रं मांडली आणि मॅडमनी ओठ दिसू नयेत म्हणून तोंडासमोर कागद धरला. एक एक शब्द म्हणायचा, मायीनं त्या चित्रावर बोट ठेवायचं. सगळे तिच्या ओळखीचे, घरातले शब्द निवडले होते. यादी करायला मीच मदत केली होती.

मायी प्रत्येक शब्दाला मान कलती करायची. आवाज येत होता, हे दिसत होतं. मग ती चित्रांवरून नजर फिरवायची आणि काचेपलीकडून आमच्या चेहऱ्यांकडे बघायची. आम्ही मान हलवायची नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. आम्ही हलवली नाही.

अर्ध्या तासानं मॅडमनी निकालाचा कागद दिला. तो मी वाचला. यंत्रासह आवाज ऐकू येण्याची पातळी: तीस डेसिबल, म्हणजे हळू बोललेलंही आत पोचत होतं. ओळखलेले शब्द: पंचवीसपैकी तीन.